सबवूफरची धपधप आणि चार रविवार

आषाढी एकादशीला, रविवारी ६ जुलै २०२५ला, सकाळी अभंग लावले तेव्हा पखवाजाच्या मागून एक जादाचा ठोका ऐकू येत होता. धप्, धप्, धप्. सेकंदाला दोन-तीन. अभंग थांबवला तरी ठोका थांबेना. तो सबवूफरमधून, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या खोक्यातून, येत होता. दहा इंची ड्रायव्हर (आतला कोनवाला स्पीकर), खोक्याच्या पाठीला प्लेटवर बसवलेला १५० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि वय बारा वर्षं.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढायच्या, फक्त मेनची वायर ठेवायची. आवाज गेला तर दोष बाहेरचा. बहुतेकदा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर यांच्या अर्थिंगचा घोळ असतो. ती गुणगुण ५० हर्ट्झची, खोल आणि सलग असते. आवाज राहिला तर दोष आत आहे. सप्लायच्या कपॅसिटरमुळे येणारी घरघर १०० हर्ट्झची आणि जरा खरखरीत असते. इथे या दोन्हींपैकी काहीच नव्हतं, नुसती धपधप, आणि केबल काढल्यावरही तशीच. मी बंद करून ठेवला.

सोमवारी संध्याकाळी ‘बघू तरी’ म्हणून परत चालू केला, तो मूर्खपणा. दहा मिनिटं धपधप झाली, मग भुंग्यासारखा मोठा आवाज, गरम बेकलाइटचा वास, आणि सगळं शांत. फ्यूज गेला होता. आदल्या दिवशी दुरुस्ती शंभर-दीडशे रुपयांत निभावली असती. त्या दहा मिनिटांनी पुढचा खर्च वाढवला.

मंगळवारी ८ जुलैला खोकं रिक्षात घालून सर्व्हिस सेंटरला नेलं. वॉरंटी केव्हाच संपलेली. तपासणीचे ५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० आगाऊ. जॉबशीटवर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: सिरियल नंबर, सोबत दिलेल्या वस्तू (वायर दिली तर तीसुद्धा) आणि खोक्यावरचे आधीचे ओरखडे. दोष काय ते तुमच्या शब्दांत लिहायला लावा. माझ्या शीटवर नुसतं ‘डेड’ लिहिलं होतं. धपधपीचा उल्लेख मी आग्रहाने घालायला लावला, तरी तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

आठवड्याने, १५ जुलैला फोन आला: ‘मेन बोर्ड गेलाय, पूर्ण प्लेट बदलावी लागेल.’ १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये, सगळे आगाऊ, माल यायला सहा ते आठ आठवडे. बोर्डावरचा एखादा पार्ट बदलून देण्याची पद्धत नाही. नको म्हटल्यावर ‘दुरुस्तीविना परत’ अशी नोंद व्हायला आणि साहेबांची सही मिळायला आणखी तीन दिवस. शुक्रवारी १८ जुलैला खोकं घरी आलं. जॉबशीटची पिवळी प्रत जपून ठेवा, तिच्याशिवाय वस्तू परत मिळत नाही.

मधल्या काळात कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका मेकॅनिककडे चौकशी केली होती. ते वर्षभर मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. इथे भिंतीएवढ्या स्पीकरच्या कुठल्याही सेटला डॉल्बीच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ते म्हणाले, “साहेब, आता गणपती झाल्याबिगर घरगुती काम घेत न्हाई बघा. बारकं काम असतंय, पण वेळ तेवढाच खातंय.” गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. पण जाताजाता त्यांनी कामाचं सांगितलं: “सिरीज बल्बाशिवाय लावू नका फक्त.”

रविवारी २० जुलैला प्लेट उघडली. कडेने दहा स्क्रू. सगळे काढल्यावर प्लेट ओढायची नाही, आत ड्रायव्हरच्या वायरी आखूड असतात. आधी फोटो काढा, मग टर्मिनल सोडवा. बहुतेक ड्रायव्हरना प्लसची पट्टी रुंद आणि मायनसची अरुंद असते, त्यामुळे परत लावताना उलट होत नाही. तरी फोटो हवाच.

मग मोठे कपॅसिटर रिकामे करणं. माझ्यात ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन होते, एक प्लस ४२ व्होल्टच्या सप्लायसाठी आणि एक मायनस ४२ व्होल्टच्या. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे पुष्कळ आहेत. त्यात कपॅसिटरचे पाय आणि बोर्डाचे ट्रॅक दोन्ही खराब होतात. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून प्रत्येक कपॅसिटरवर अर्धा मिनिट धरा, मग मल्टीमीटरने १ व्होल्टच्या आत आल्याची खात्री करा. एक इशारा: हे सगळं जड गोल किंवा चौकोनी ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या पद्धतीच्या प्लेटला लागू आहे. नव्या हलक्या प्लेटमध्ये एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पद्धतीचा सप्लाय) असतो, त्याच्या मेनकडच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं. त्याची माहिती नसेल तर झाकण उघडू नका.

ड्रायव्हर आधी तपासला, कारण तो जळाला असेल तर पुढचा विचार वेगळा. ४ ओहमच्या ड्रायव्हरची कॉइल मीटरवर ३.४ ओहम दाखवत होती, ठीक. पेन्सिल सेलचं टोक क्षणभर टेकवलं की कोन पुढे सरकला. बोटांनी समान दाब देऊन आत ढकलला तर कुठे घासल्याचा आवाज नाही.

फ्यूज स्वतःच बरंच सांगतो. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर जबर शॉर्ट. नुसती तार तुटून काच स्वच्छ असेल तर हळूहळू वाढलेला लोड, किंवा म्हातारपण. माझी काच आतून आरशासारखी झाली होती. फ्यूज २ अँपिअरचा, २० मिलिमीटर लांबीचा, आणि ‘टी’ अक्षराचा, म्हणजे सावकाश उडणारा. दुकानात बहुधा ‘एफ’ देतात. तो चालू करतानाच्या झटक्यातच उडतो आणि माणूस उगाच शॉर्ट शोधत बसतो. फ्यूजला तार गुंडाळायची पद्धत इथे चर्चेलासुद्धा नको.

मीटर डायोडवर ठेवून आउटपुट ट्रान्झिस्टर तपासले. माझ्या बोर्डावर सी५२०० आणि ए१९४३च्या दोन जोड्या. चांगल्या ट्रान्झिस्टरचा बेस ते एमिटर आणि बेस ते कलेक्टर एका दिशेने ०.५ ते ०.६ दाखवतो, कलेक्टर ते एमिटर काहीच नाही. एका जोडीत दोन्ही ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर ०.००२, म्हणजे सपाट शॉर्ट. ट्रान्झिस्टर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो, म्हणून तिथेच थांबायचं नाही. एक ०.२२ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर उघडा, म्हणजे आतून तुटलेला, होता, एका बेसवरचा १० ओहमचाही. ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (आउटपुटवाल्यांना चालवणारे छोटे) आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) शाबूत.

बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दोन रेझिस्टरखाली बोर्ड चहाच्या डागासारखा तपकिरी झालेला आणि आजूबाजूला काळपट गोंद. ते मला दिसलं होतं. ‘हे गरम होतच असतात’ म्हणून सोडलं. ते लक्षात ठेवा, पुढे येतंय.

२२ जुलैला लक्ष्मीपुरीतून पार्ट आणले. रेझिस्टर, फ्यूज, मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा), हीटसिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) लावायची पेस्ट सहज मिळालं. सी५२०० आणि ए१९४३ मिळाले ५५ रुपयांना एक, आणि तिथेच शंका यायला हवी होती. दुकानदार सरळ माणूस: “ओरिजिनल म्हणून देत न्हाई मी. चालतंय एवढंच सांगतो.” डेटाशीटप्रमाणे हा पार्ट २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा. खोट्या मालात वर तोच नंबर छापलेला असतो, पण आतली सिलिकॉनची चकती बारकी. ती हलक्या आवाजाला टिकते आणि पहिल्या जोरकस ठोक्याला जाते. घरच्या घरी ओळखायचं तर एसिटोनमध्ये बुडवलेला कापूस छपाईवर घासा, शाई निघाली तर माल बाद. याहून पक्की परीक्षा म्हणजे कपॅसिटन्स मोजणं. सॉकेटवाल्या कम्पोनंट टेस्टरवर किंवा मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर बेस ते कलेक्टर मोजून बोर्डावरच्या शाबूत जुन्या ट्रान्झिस्टरशी ताडून पाहायचं. चकती लहान तर आकडा लहान. नवे चारही जुन्यांच्या निम्म्याच्याही खाली होते. २२० रुपये पाण्यात.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानाला फोन करून १८० रुपयांप्रमाणे चार मागवले, कुरिअरचे १२० वेगळे. एक जोडी शाबूत असली तरी चारही एका लॉटचे बदलावेत. जुना-नवा संसार एकत्र घातला की करंट सारखा वाटला जात नाही. पार्सल शनिवारी २६ जुलैला आलं. मोजले, आकडे जुन्यांशी जुळले.

तेवढ्या दिवसांत सिरीज बोर्ड बनवला. लाकडी फळीवर बल्ब होल्डर आणि तीन पिनचं सॉकेट. फेजची वायर बल्बमधून फिरवून सॉकेटला, न्यूट्रल आणि अर्थ सरळ. बल्ब ६० ते १०० वॅटचा, तारेचाच हवा, एलईडी इथे निरुपयोगी. तारेचा बल्ब आता सहज मिळत नाही. मला पिल्लांना ऊब द्यायला बल्ब ठेवणाऱ्या पोल्ट्रीच्या दुकानात मिळाला. होल्डर, सॉकेटसकट १३० रुपये. याचं काम साधं आहे: आत शॉर्ट असेल तर सगळा व्होल्टेज बल्ब खातो आणि झगझगीत पेटतो, नवे ट्रान्झिस्टर वाचतात. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरताना एकदा लखकन पेटून विझत जातो.

रविवार २७ जुलै, सोल्डरिंग. कारखान्याचं शिसंविरहित सोल्डर सहज वितळत नाही. त्यावर आपलं साठ-चाळीसचं (कथील-शिशाचं) थोडं सोल्डर चढवलं की मऊ होतं आणि पंपाने निघतं. ट्रान्झिस्टरचे पाय जाड, त्यांना ६० वॅटची आयर्न लागते. आधी हीटसिंकला स्क्रूने बसवा, मग पाय सोल्डर करा, नाहीतर पायांवर ताण राहतो. या ट्रान्झिस्टरची धातूची पाठ म्हणजे कलेक्टर असतो, म्हणून मायका विसरायचा नाही. बसवल्यावर प्रत्येक कलेक्टर ते हीटसिंक मीटर लावून उघडं असल्याचं पाहा. बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडासा करंट ठरवणारा, छोटा प्रीसेट स्क्रू कुठे होता ते मार्करने खूण करून तो कमीत कमीकडे फिरवला.

ड्रायव्हर न जोडता सिरीज बोर्डावर चालू केलं. बल्ब पेटला, विझला. सप्लाय प्लस-मायनस ३९, बल्बमुळे तेवढा कमी येणारच. स्पीकर टर्मिनलवर डीसी १२ मिलिव्होल्ट, ५०च्या आत असलं की बास. एक जुना सहा इंची स्पीकर जोडला. चांगला ड्रायव्हर पहिल्याच चाचणीला लावायचा नाही, हा नियम. गाणं वाजलं. मी चहा ठेवायला गेलो.

परत येतो तर बल्ब मंद-तेज, मंद-तेज होतोय आणि त्याच तालात स्पीकर धप्, धप्. थंड असताना ठीक, दहा मिनिटं तापल्यावर रोग परत. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलून मी जखमेला पट्टी बांधली होती, मारणारा आतच बसला होता. बल्ब नसता तर ७२० रुपयांचे नवे चारही त्या संध्याकाळी जळाले असते.

आता मीटर त्या तपकिरी कोपऱ्यात गेला. अशा प्लेटमध्ये क्रॉसओव्हर (खालचे सूर वेगळे काढणारं सर्किट), आवाजाचा नॉब आणि ऑटो-ऑन (सिग्नल आला की आपोआप चालू होणं) हे सगळं ऑपॲम्पवर, म्हणजे सिग्नलच्या छोट्या चिपवर, चालतं. माझ्यात टीएल०७२ नंबरच्या चार. त्यांना प्लस-मायनस १५ लागतात, आणि ते मोठ्या ४२ मधून रेझिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) लावून काढलेले असतात. मायनस बाजू १४.८, ठीक. प्लस बाजू ८ आणि ९च्या मध्ये डोलत होती, ठोक्याच्या तालात.

बंद करून, कपॅसिटर रिकामे करून रेझिस्टरचा एक पाय उचलला. पाय न उचलता मोजलं तर शेजारच्या वाटांमुळे आकडा खोटा येतो. वरचे रंग ६८० ओहम सांगत होते, मीटर १.८ किलोओहम. हेअर ड्रायरची गरम हवा दिली तर २.१ पर्यंत चढला. शेजारचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकून ३१ झाला होता. मायनस बाजूचा रेझिस्टरही ९४० ओहमवर पोचलेला, म्हणजे तोही त्याच वाटेने निघालेला.

हिशोब करून पाहिला तेव्हा सगळं उलगडलं. ४२ मधून १५ गेले, २७ व्होल्ट रेझिस्टरवर. भागिले ६८०, सुमारे ४० मिलिअँपिअर. म्हणजे रेझिस्टरला १.०७ वॅटची उष्णता, आणि बसवलेला १ वॅटचा, बोर्डाला चिकटून. ऑटो मोडमध्ये दिवा लाल, म्हणजे सबवूफर झोपलेला, असला तरी ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो, त्यामुळे ही भट्टी बारा वर्षं दिवसरात्र पेटलेली. किंमत वाढत २.१ किलोओहमला पोचल्यावर १५ मिलिअँपिअरच्याही खाली करंट मिळायचा. चार ऑपॲम्पनाच ११च्या आसपास लागतो, वर ऑटो-ऑनचं सर्किट. सप्लाय खाली बसला, सुकलेल्या कपॅसिटरला तो सावरता येईना, सप्लायच्या हेलकाव्यातून सिग्नल परत आत, आणि धपधप सुरू. तो ठोका पूर्ण ताकदीने आउटपुटला जायचा, म्हणून ती जोडी गेली.

उरला गोंद. मोठे पार्ट हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर गोंद लावतात. उष्णतेने तो तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि पार्टचे पायही खातो. मीटरचे दोन्ही टोक त्यात खुपसले तर काही मेगओहम दाखवत होता, खरं तर काहीच दिसायला नको. काढायला दोन तास गेले: ड्रायरने गरम करायचा, बांबूच्या काडीने खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. लोखंडी टोक वापरलं तर ट्रॅक सोलून निघतो. खाली एका जंपरची तार हिरवी होऊन अर्धी कुरतडली होती, तीही बदलली. परत काही लावायचं तर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं.

रविवारी ३ ऑगस्टला दोन्ही बाजूंना ६८० ओहम, ३ वॅटचे रेझिस्टर बोर्डापासून सेंटीमीटरभर उंच बसवले, १एन४७४४ए झेनर दोन नवे, १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे १०५ अंशवाले दोन. जळलेल्या जागी एक पॅड उचकटलं, तिथे वायरचा तुकडा टाकून पुढच्या जोडाला नेलं. मोठे ४७०० वाले मोजले: ४३१० आणि ४२८०. वीस टक्क्यांच्या आत आहेत, राहू दिले. सगळे कपॅसिटर सरसकट बदलायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पैशाचा आणि पॅडचा नास वाटतो.

चालू केल्यावर प्लस १५.१, मायनस १५.०. अर्धा तास बल्बावर, बल्ब विझलेलाच. मग सरळ मेनवर. एका जोडीच्या दोन एमिटरमध्ये मीटर लावून प्रीसेट हळूहळू फिरवत १० मिलिव्होल्ट केले. ०.२२चे दोन रेझिस्टर म्हणजे ०.४४ ओहम, म्हणून साधारण २३ मिलिअँपिअर. वीस मिनिटांनी तापल्यावर परत पाहा, चढला असेल तर कमी करा. स्पीकर टर्मिनलवर एसी ३ मिलिव्होल्ट, कान लावला तरी घरघर नाही. दोन तास मध्यम आवाजात वाजवलं, हीटसिंकवर हात ठेवता येत होता.

प्लेटखालची फोमची पट्टी चुरा झाली होती. हवा गळली की बासबरोबर फुसफुस येते, म्हणून दाराला लावतात ती ३ मिलिमीटरची फोम टेप लावली आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

खर्च: तपासणी ५९०, रिक्षा २४०, खोटे ट्रान्झिस्टर २२०, खरे ७२०, कुरिअर १२०, बारीक पार्ट आणि फ्यूज १८५, मायका-पेस्ट ६०, अल्कोहोल ९०, सिरीज बोर्ड १३०. एकूण २,३५५ रुपये. रोगाचं मूळ असलेले रेझिस्टर, झेनर, कपॅसिटर मिळून त्यात ५० रुपयांचेही नाहीत.

सबवूफर आता ऑटोवर ठेवत नाही, ऐकून झालं की भिंतीवरचं बटण बंद. प्लेट बंद करण्याआधी आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: ‘३ ऑगस्ट २०२५. प्लस १५.१, मायनस १५.०. बायस १० मिलिव्होल्ट. मोठे कपॅसिटर जुनेच. आधी तपकिरी कोपरा बघ.’